दवंडी, जाहीरनामा आणि बाजारपेठ : एकोणिसाव्या शतकातील नंदुरबार

एकोणिसाव्या शतकातील एखाद्या गावाच्या व्यापाराचा इतिहास लिहिताना माल, भाव, रस्ते आणि पेढ्या यांचा विचार होतो. परंतु लिलावाची, कराची, सवलतीची किंवा बंदीची बातमी लोकांपर्यंत कोणत्या वाटेने पोहोचत होती, ती कोणाला आधी कळत होती, कोणाला उशिरा आणि कोणाला मुळीच नाही, हा प्रश्न बहुधा दुय्यम मानून सोडून दिला जातो. नंदुरबारसारख्या गावाच्या बाबतीत हा प्रश्न दुय्यम राहत नाही, कारण तापीचे खोरे, सातपुड्याचा डोंगर आणि गुजरातची सरहद्द जिथे एकमेकांना भिडतात तिथे वसलेल्या या पेठेत विकणारा, विकत घेणारा आणि हुकूम काढणारा हे तिघे सहसा एका भाषेत बोलत नसत व एका लिपीत तर क्वचितच लिहीत. इंग्रजी अमलाच्या पहिल्या ऐंशी वर्षांत सरकारी सूचना ऐकण्याची गोष्ट होती ती हळूहळू चिकटवण्याची झाली, आणि हा बदल व्यापाराच्या नफ्यातोट्यात शिरला, हे दाखवणे हा प्रस्तुत व्याख्यानाचा हेतू आहे.

नंदुरबार हे इंग्रजांनी वसवलेले गाव नव्हे. अकबराच्या काळात ते माळवा सुभ्यातील एका सरकारचे, म्हणजे आजच्या जिल्ह्यासारख्या विभागाचे, मुख्य ठिकाण होते आणि ऐन-इ-अकबरीत त्याची नोंद आहे. सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे जाणारा मोठा व्यापारी रस्ता नवापूर आणि नंदुरबारवरून जात असे. सतराव्या शतकात या रस्त्याने गेलेल्या ताव्हर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने नवापूरला विणकरांची वस्ती पाहिली, पण तिथला खरा व्यापार तांदळाचा आहे असे नोंदवले आणि तो तांदूळ बारीक, बर्फासारखा पांढरा व कस्तुरीसारख्या वासाचा असल्याचे लिहून ठेवले. त्याच शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज कंपनीची वखारही काही काळ नंदुरबारात होती. म्हणजे १८१८ साली पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनीच्या हाती आला तेव्हा नंदुरबारला व्यापार शिकवण्याची गरज नव्हती. होळकरांच्या फौजांची ये-जा, पेंढाऱ्यांच्या धाडी आणि १८०३-०४ चा दुष्काळ यांनी मोडलेली पेठ पुन्हा उभी करण्याची गरज होती.

ही उभारणी सुरू झाली ती जाहीरनाम्यांनी. जाहीरनामा म्हणजे सत्ताधाऱ्याने सर्व रयतेला उद्देशून काढलेले लेखी पत्र. ११ फेब्रुवारी १८१८ रोजी कंपनीचा अधिकारी एल्फिन्स्टन याने साताऱ्याहून काढलेला जाहीरनामा प्रसिद्ध आहे; खानदेशात त्यानंतरचे काम कॅप्टन जॉन ब्रिग्ज या पहिल्या अधिकाऱ्याकडे आले आणि त्याने धुळे हे मुख्य ठिकाण करून बुऱ्हाणपूर व इतर गावांच्या व्यापाऱ्यांना जागा व घरबांधणीसाठी उसनी रक्कम देऊन बोलावून घेतले. डोंगरातील भिल्ल नाईकांना माफीची व नेमणुकांची आश्वासने याच मार्गाने दिली गेली. ती प्रत्यक्षात किती पाळली गेली हा वेगळा विषय आहे. इथे लक्षात घ्यायचे ते एवढेच की कागदावर लिहिलेले हे आश्वासन ज्याच्यासाठी होते त्याला वाचता येत नव्हते, आणि ते सरकारलाही चांगले ठाऊक होते. म्हणूनच कागदाच्या बरोबर ढोल गेला.

दवंडी ही जुनीच रीत. गावचा वतनदार महार, काही ठिकाणी दुसरा गावकामगार, ढोल किंवा डफ वाजवत चावडीपासून निघे, ठरलेल्या ठिकाणी थांबे, पाटील-कुळकर्ण्यांनी सांगितलेला मजकूर मोठ्याने म्हणे आणि पुढे जाई. दवंडीला जागा आणि वेळ असे. लोक शेतावरून परतल्यावरची संध्याकाळ किंवा आठवड्याच्या बाजाराचा दिवस तिला सोयीचा. तिचे मोठेपण असे की तिच्यात प्रश्न विचारता येत असे. ऐकणाऱ्याला काही कळले नाही तर तो दवंडी देणाऱ्याला थांबवून विचारी; तो आपल्या बोलीत, म्हणजे अहिराणीत किंवा भिलीत, पुन्हा सांगे; आणि ज्याने ऐकले तो पुढच्या पाड्यावर सांगे. मजकूर या वाटेत बदलत असणार यात शंका नाही. सरकारी अधिकाऱ्यांना हा बदल दोष वाटे, पण बदलत बदलत का होईना तो पोहोचत असे, ही बाजू त्यांच्या हिशेबात आली नाही.

उलट ज्या व्यापाराला सूचनेची गरजच पडत नसे असाही व्यापार या मुलुखात होता. सारंगखेड्याची एकमुखी दत्ताची यात्रा मार्गशीर्षात दत्तजयंतीला भरते, तिथे घोड्यांचा मोठा बाजार होतो, आणि त्याची तारीख कोणालाही कळवावी लागत नाही, कारण तिथी हीच तिथे जाहिरात असते. होळीपूर्वी सातपुड्यात भरणारे भोंगऱ्या बाजार याच जातीचे. पंचांगाने बांधलेल्या या बाजारांना सरकारने फारसा हात लावला नाही. सूचनेचे नवे जग उभे राहिले ते तिथीने न बांधलेल्या व्यवहारांभोवती, म्हणजे कर, मक्ते, जप्ती आणि लिलाव यांच्याभोवती.

व्यापाराच्या दृष्टीने पहिल्या महत्त्वाच्या सूचना चांगल्या होत्या. मालाच्या वाहतुकीवर ठिकठिकाणी घेतली जाणारी जकात मुंबई इलाख्यात १८३८ च्या कायद्याने उठली. १८४४ च्या १९ व्या कायद्याने शहरातील जकाती, मोहतर्फा आणि बलुत्यांवरील पट्ट्या रद्द झाल्या. मोहतर्फा म्हणजे तेली, साळी, रंगारी, सोनार अशा कसबी लोकांवर त्यांच्या धंद्याबद्दल बसवलेला कर. १८३५ साली कंपनीचा १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया कायम झाल्याने अंकुशी, चांदवडी आणि इतर नाण्यांच्या गर्दीतून निघणारा बट्टा, म्हणजे एक नाणे देऊन दुसरे घेताना सराफाने कापून घेतलेली रक्कम, हळूहळू आटत गेला. या सुधारणा खऱ्याच होत्या. मात्र जुना कर रद्द झाल्याची बातमी ज्याला कळली नाही त्याच्यापुरता तो रद्द होत नाही. दूरच्या पाड्यावरून मोहाची फुले, डिंक किंवा मध घेऊन बाजारात उतरणाऱ्या माणसाला नाक्यावर कोणी चार पैसे मागितले तर ते देण्यावाचून त्याच्यापाशी इलाज नसे, कारण नाका उठला हे सांगणारा कागद मामलेदार कचेरीच्या भिंतीवर होता.

हा कागद कोणत्या लिपीत होता याचाही विचार करावा लागतो. छापील सरकारी सूचना बाळबोध लिपीत निघत. कचेरीतला हातचा मजकूर मोडीत असे, म्हणजे झपाट्याने लिहिता यावे म्हणून वळणे जोडून लिहिण्याच्या जुन्या मराठी लिपीत. पेठेतल्या पेढ्यांपैकी गुजराती वाण्यांच्या वह्या गुजराती अक्षरांत आणि मारवाड्यांच्या वह्या महाजनी अक्षरांत असत. बोहऱ्यांची दुकाने होती, दारूच्या मक्त्याच्या धंद्यात पारशी होते, शेतीत गुजर पाटीदार होते, आणि रस्त्यावर अहिराणी, मावची, पावरी, देहवाली अशा बोली चालत. अशा गावात एकच कागद भिंतीवर लावून त्याला सर्वांना उद्देशून केलेली सूचना म्हणणे ही कायद्याची सोय होती. तरी एक गोष्ट नमूद केली पाहिजे : व्यापाऱ्यांच्या लिपी वेगळ्या असल्या तरी त्यांना कारकुनाची मराठी समजून घेणे परवडत होते, कारण त्यांच्या दुकानावर एक तरी गुमास्ता, म्हणजे पगारी हिशेबनीस, असा असे की जो कचेरीच्या भिंतीपुढून रिकामा परत येत नसे.

या भिंतीवर सर्वांत जड कागद लागे तो लिलावाचा. १८५९ च्या दिवाणी कार्यपद्धतीच्या कायद्याने, म्हणजे ८ व्या कायद्याने, हुकूमनाम्याच्या, म्हणजे न्यायालयाने दिलेल्या निकालाच्या, वसुलीसाठी मालमत्ता विकायची झाली तर जिल्ह्याच्या चालू भाषेत जाहीरनामा काढावा, त्यात वेळ, जागा व मालमत्तेचे वर्णन द्यावे, तो त्या जागी ढोल वाजवून किंवा चालत्या रिवाजाप्रमाणे पुकारावा, लेखी प्रत न्यायालयात व त्या गावी लावावी, आणि स्थावर मालमत्तेच्या बाबतीत किमान ३० व जंगमाच्या बाबतीत किमान १५ दिवस जाऊ द्यावेत असे ठरवले. जमीन महसुलाच्या थकबाकीसाठी १८७९ च्या महसूल कायद्याने लेखी नोटीस लावण्याच्या चार जागा सांगितल्या : कलेक्टर कचेरी, मामलेदार किंवा महालकऱ्याची कचेरी, गावची चावडी आणि बाकीदाराचे राहते घर. कायदा करणाऱ्यांनी ढोल काढून टाकला नाही. त्यांनी ढोल आणि कागद दोन्ही ठेवले. यावरून त्यांचा हेतू वाईट होता असे म्हणता येत नाही. पण दोहोंपैकी पुराव्याला उभा राहतो तो कागद. ढोल वाजला की नाही हे साक्षीने सिद्ध करावे लागते. कागद लावला असे शिपायाने प्रतीच्या पाठीवर लिहून दिले की काम होते, आणि हा शेरा लिहिणे ढोल वाजवत तीन कोस चालण्यापेक्षा सोपे होते.

लिलावात किती बोली लागते हे किती जणांना लिलावाची खबर आहे यावर अवलंबून असते, आणि इथेच सूचनेचा प्रश्न थेट बाजारभावाचा होतो. ज्याचा हुकूमनामा आहे त्या सावकाराला १८८२ च्या कार्यपद्धतीनुसार न्यायालयाच्या स्पष्ट परवानगीनेच स्वतः बोली लावता येत असे. ही अट कशासाठी घातली गेली ते उघड आहे. परंतु नात्यातल्या किंवा ओळखीच्या माणसाच्या नावाने बोली लावण्याची वाट कोणत्याही कायद्याला पुरती बुजवता आली नाही. तीन कोसांवरच्या चार कुणब्यांना लिलाव आज आहे हे माहीत नसेल तर पुरेसे खरेदीदार जमत नाहीत, बोली वर जात नाही आणि जमीन कर्जाच्या मानाने स्वस्तात जाते. सूचना प्रसिद्ध करण्यात मोठी चूक झाली असेल तर विक्री रद्द करून मागण्याची सोय होती, पण त्या चुकीमुळे आपले भरीव नुकसान झाले हे दाखवण्याचे ओझे अर्ज करणाऱ्यावर होते. सूचना न पोहोचल्यामुळे ज्याची जमीन गेली त्याला, सूचना न पोहोचल्यामुळेच ती गेली, हे न्यायालयात वकील लावून सिद्ध करायचे होते. या तरतुदीचा उपयोग नंदुरबारच्या डोंगराळ भागातील एखाद्या भिल्ल कुळाने सहज केला असेल अशी कल्पना करणे कठीण आहे.

सावकारीचा एकोणिसाव्या शतकातील इतिहास व्याजदराने सांगण्याची प्रथा आहे. १८५५ च्या २८ व्या कायद्याने व्याजाची कमाल मर्यादा काढून टाकली, १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावरील दाव्याला तीन वर्षांची मुदत घातली आणि त्यामुळे दर तीन वर्षांनी मागील व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेण्याची पद्धत बळावली. हे सारे खरे आहे. पण व्याजाइतकेच सावकाराचे भांडवल होते वाचता येणे. कुळाला सरकारकडून आलेला प्रत्येक कागद, मग तो समन्सचा असो, तहकुबीचा असो की तगाईचा, म्हणजे बी-बियाणे, बैल वा विहिरीसाठी सरकार देत असलेल्या कर्जाचा असो, सावकाराच्या ओट्यावरच वाचला जाई. जो कागद वाचून दाखवतो तोच त्यातले किती वाचायचे हे ठरवतो. या वाचनाबद्दल वेगळे पैसे घेतले जात नसत, म्हणून ते हिशेबात दिसत नाही. सालदारीचे करार, म्हणजे उचल घेऊन वर्षभर एका घरी राबण्याचे बंधन, याच ओट्यावर झाले आणि याच ओट्यावर त्यांची मुदत मोजली गेली.

सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांनी केलेल्या दख्खनच्या दंग्यांनंतर १८७९ साली झालेल्या शेतकरी संरक्षणाच्या कायद्यात या गोष्टीची जाणीव दिसते : शेतकऱ्याने करून दिलेला दस्त गावच्या नोंदणी कामगारासमोर लिहिला जावा व तो त्याला वाचून दाखवला जावा, अशी त्याची योजना होती. परंतु तो आरंभी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. खानदेशाला त्याच्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत थांबावे लागले. दंगे झाले तिथे वाचून दाखवण्याची सोय आधी आली, दंगे झाले नाहीत तिथे उशिरा. राज्यकारभाराच्या या हिशेबाबद्दल अधिक बोलण्याची आवश्यकता नाही.

नंदुरबारच्या व्यापारातील एका वस्तूकडे थोडे जवळून पाहणे योग्य होईल, कारण तिच्यात दूरची बाजारपेठ आणि जवळचा हुकूम हे दोन्ही एकत्र आले. ही वस्तू म्हणजे रोशा गवताचे तेल. डोंगराच्या उतारावर वाढणारे हे सुगंधी गवत पावसाळ्यानंतर कापले जाई. कोवळे, निळसर पांढऱ्या फुलाचे असताना त्याला मोतिया म्हणत आणि पिकून तांबूस झाले की सोफिया, आणि मोतियाचे तेल नाजूक वासाचे म्हणून महाग असे. भट्टी ओढ्याच्या काठी लावत, कारण वाफ थंड करायला पाणी भरपूर लागे : लोखंडी किंवा तांब्याच्या मोठ्या कढईत गवत व पाणी घालून तोंड झाकायचे, सांधे पिठाने लिंपायचे, बांबूच्या नळीने वाफ बाहेर काढून वाहत्या पाण्यात ठेवलेल्या भांड्यात उतरवायची, आणि पाण्यावर तरंगणारे तेल काढून घ्यायचे. सांधेदुखीवर हे तेल चोळत असत. पण त्याचा मोठा गिऱ्हाईक आजारी माणूस नव्हता. हे तेल मुंबईहून तांबड्या समुद्राच्या वाटेने कॉन्स्टँटिनोपलला जाई आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात भेसळीसाठी वापरले जाई. युरोपच्या बाजारात ते तुर्की नावाने ओळखले जात होते, म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याचे तेल तुर्कस्तानचे म्हणून विकले जात होते. ज्या मालाचे यश त्याचे मूळ लपण्यावर अवलंबून होते त्या मालाची जाहिरात कोण करणार? नंदुरबारचे नाव त्या बाटलीवर कधीच आले नाही. नंदुरबारला मात्र त्या गवताबद्दलच्या सूचना मिळाल्या, कारण १८७८ च्या वन कायद्याने जंगलातील गवत, फुले व फळे यांना वनोपज म्हटले आणि आजवर जो उतारावर जाऊन विळा चालवत होता त्याला परवान्याचे आणि मक्त्याचे नियम लागले.

कापसाची गोष्ट याहून अधिक वेळा सांगितली गेली आहे, म्हणून ती इथे आटोपती घेता येईल. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ पासून खानदेशच्या कापसाचे भाव चढले, १८६५ साली युद्ध संपताच मुंबईचा सट्टा कोसळला; मधल्या काळात, १८६३ साली, कापसातील भेसळीविरुद्धचा कायदा होऊन गाठी दाबणाऱ्या कारखान्यांना परवाना आणि गाठींवर शिक्का सक्तीचा झाला. शिक्का हीही एक जाहीर सूचनाच; मात्र ती शेतकऱ्यासाठी नसून लँकेशायरच्या खरेदीदारासाठी होती. १८६५ साली तारेचा संबंध इराणच्या आखातामार्गे युरोपशी जुळल्यावर लिव्हरपूलचा भाव मुंबईला महिन्याऐवजी दिवसांत कळू लागला, तिथून तो तार ऑफिस असलेल्या ठाण्यांच्या आडत्यांकडे आला, आणि गाडी भरून येणाऱ्या शेतकऱ्याला तो आडत्याच्या तोंडून कळला. आडत्या म्हणजे दुसऱ्याचा माल दलाली घेऊन विकून देणारा. त्याची दलाली पाटीवर लिहिता येत असे, पण भाव आधी कळण्याचा त्याचा फायदा कोणत्याही पाटीवर नव्हता.

उलट दिशेने येणाऱ्या मालावर, म्हणजे विलायती व पुढे मुंबईच्या गिरण्यांच्या कापडावर, सूचनेचा एक वेगळाच प्रकार होता. १८८९ च्या मालचिन्हांच्या कायद्याने कापडाच्या ताग्यावर त्याची खरी लांबी वारांत, इंग्रजी आकड्यांनी, ठळक छापणे बंधनकारक केले. गिऱ्हाइकाची फसवणूक होऊ नये हा हेतू. पण ज्या गिऱ्हाइकाला कोणतेच आकडे वाचता येत नव्हते त्याला इंग्रजी आकड्यांचे संरक्षण दिले गेले. त्याने कापड ओळखले ते त्यावर चिकटवलेल्या रंगीत चित्रावरून. मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांनी हे कायदा करणाऱ्यांपेक्षा आधी ओळखले होते. देवदेवता, हत्ती, वाघ, मोर यांची झळकती छापील लेबले त्यांनी खास हिंदुस्थानच्या गिऱ्हाइकासाठी तयार करवून घेतली आणि लोक चित्राच्या नावाने कापड मागू लागले. सरकारची सूचना आणि व्यापाऱ्याची सूचना एकाच ताग्यावर शेजारी शेजारी होत्या, आणि त्यातली कोणती वाचली गेली याबद्दल फारसा वाद होऊ नये.

नंदुरबारची नगरपालिका १८६७ साली स्थापन झाली. १८५० च्या २६ व्या कायद्यात, गावच्या रहिवाशांची तशी इच्छा आहे अशी सरकारची खात्री झाली तरच नगरपालिकेची योजना लागू करावी, असे होते. ही इच्छा कोणाची समजायची हे गावातील चार मोठी दुकाने आणि कचेरी यांनी मिळून ठरवायचे असे. जकातीचे दर, घरपट्टी, कत्तलखाने, गटारे यांच्या सूचना आता मामलेदाराऐवजी नगरपालिकेच्या नावाने निघू लागल्या. याच काळात वर्तमानपत्र हा सूचनेचा आणखी एक मार्ग उघडला. धुळ्याहून निघणारी ‘खानदेश वैभव’ व ‘आर्यावर्त’ आणि जळगावचे ‘प्रबोधचंद्रिका’ ही साप्ताहिके टपालाने तालुक्याच्या गावी येत. १८५४ च्या टपाल कायद्यानंतर अर्ध्या आण्यात पत्र कुठेही जाऊ लागले होते आणि छापील कागदालाही ती वाट मोकळी झाली होती. वर्तमानपत्राचा एक अंक वकिलाच्या ओसरीवर, शाळामास्तरांच्या खोलीत आणि पेढीवर फिरत असे. वाचणाऱ्यांचे वर्तुळ त्याने वाढवले हे मान्य केले पाहिजे; परंतु ते वर्तुळ कचेरीच्या भिंतीपुढे उभे राहणाऱ्यांचेच होते, डोंगरातून उतरणाऱ्यांचे नव्हते.

१९०० च्या सुमारास सुरत ते अमळनेर ही तापी खोरे रेल्वे पूर्ण झाली व नंदुरबार तिच्यावरचे स्थानक झाले. १८९० च्या रेल्वे कायद्याप्रमाणे वेळापत्रक व भाड्याचे कोष्टक इंग्रजीत आणि त्या भागातील चालू भाषेत स्थानकावर लावणे आवश्यक होते. रेल्वे आली त्याच सुमारास छप्पन्याचा, म्हणजे विक्रम संवत १९५६ चा, दुष्काळ पडला. सरकारने धान्याच्या व्यापारात हात न घालण्याचे धोरण ठेवले, आणि नव्या गाड्यांतून धान्य त्या बाजूला गेले जिथे भाव होता.

या सर्व सूचनांत सर्वांत दूरगामी ठरल्या त्या जंगलाच्या. तळोदा ही त्या काळी खानदेशातील इमारती लाकडाची मुख्य पेठ. सातपुड्यातले सागवान तिथे उतरे, आणि खानदेशातील उत्तम बैलगाड्या तिथेच होत, एकेक सुमारे ४० रुपयांना. या लाकडाच्या मागे जे डोंगर होते त्यांतील काही गावे मेवासी, म्हणजे डोंगराळ मुलुखातील लहान, संस्थानिकांची होती. १८७४ च्या अनुसूचित जिल्ह्यांच्या कायद्याच्या यादीत काठीचे पाडवी, नालचे पाडवी, सिंगपूरचे पाडवी, गव्हाळीचे वळवी, चिखलीचे वसावे आणि नवलपूरचे पाडवी यांची गावे नावांनिशी आहेत. यादीत असणे म्हणजे साधारण कायदे तिथे आपोआप न चालता, सरकारने राजपत्रात अधिसूचना काढून ज्यांना चालू केले तेवढेच चालणे. म्हणजे सातपुड्यातील अक्राणीच्या कड्यामागील माणसासाठी कोणता कायदा आहे आणि कोणता नाही, हे मुंबईत छापलेल्या एका कागदावरून ठरत होते.

बाकीच्या डोंगरांसाठी १८७८ चा वन कायदा होता. एखादे जंगल राखीव करायचे तर सरकारने अधिसूचना काढायची. मग वन जमाबंदी अधिकाऱ्याने जवळपासच्या प्रत्येक गावात स्थानिक भाषेत जाहीरनामा प्रसिद्ध करायचा, त्यात सीमा आणि राखीवतेचे परिणाम सांगायचे, आणि कोणाचे हक्क असतील तर ते मांडण्यासाठी किमान तीन महिन्यांची मुदत द्यायची. मुदतीत मागणी आली नाही आणि अधिकाऱ्यालाही चौकशीत हक्काची माहिती मिळाली नाही तर हक्क संपला. कायद्याचा मजकूर वाचला तर तो न्यायाचा दिसतो : भाषा स्थानिक हवी, प्रत्येक गावात सूचना हवी, मुदत पुरेशी हवी. पण स्थानिक भाषा म्हणजे व्यवहारात कचेरीची मराठी, भिली किंवा पावरी नव्हे. प्रत्येक गाव म्हणजे चावडी असलेले गाव, दर काही वर्षांनी जागा बदलणारा पाडा नव्हे. आणि मागणी म्हणजे लेखी मागणी, किंवा अधिकाऱ्यासमोर जाऊन नोंदवून घेतलेली. ज्या समाजात जमिनीचा, मोहाच्या झाडाचा आणि गवताच्या उताराचा हक्क कोणाचा हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळेच कधी लिहिले गेले नव्हते, त्या समाजाला तो तीन महिन्यांत लिहून देण्यास सांगितले गेले. तळोद्याच्या लाकूड व्यापाऱ्याला मात्र या कागदाचा अर्थ बरोबर लागला, कारण त्याला आता लाकूड नाईकाकडून नव्हे, सरकारी लिलावात घ्यायचे होते, आणि लिलावाची नोटीस वाचण्याची सवय त्याला दिवाणी न्यायालयाने आधीच लावलेली होती.

१९०६ साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे भाग झाले, नंदुरबार पश्चिम खानदेशात गेले, आणि १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळे होऊन ते स्वतः जिल्ह्याचे ठिकाण झाले. दवंडी या काळात टिकून राहिली, कारण महसूल आणि दिवाणी कायद्यांनी ढोलाचा उल्लेख काढला नाही. वन कायद्याची १९२७ ची आवृत्तीही जाहीरनाम्याची तीच पद्धत पुढे घेऊन आली. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांच्या वनहक्कांना मान्यता देणारा कायदा २००६ साली झाला तेव्हा दावे मांडण्याची पहिली जागा कचेरी न राहता ग्रामसभा झाली; आणि त्याखालील नियमांत पुराव्यांच्या यादीमध्ये जनगणना, पाहणी, नकाशे, न्यायालयाचे निकाल यांच्यासोबत, दावेदाराखेरीज गावातील वडीलधाऱ्यांनी तोंडी सांगितलेली आणि मग लिहून घेतलेली हकीकत हाही पुरावा म्हणून धरला गेला. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील ग्रामसभांत असे जबाब पाडवी, वळवी आणि वसावे याच आडनावांच्या माणसांनी दिले आहेत.